एकशे पाच तासांचा रस्ता, चौदा महिन्यांचा परतावा

२०२२च्या जून महिन्यात अमरावती आणि अकोला यांच्यामधला रस्ता अचानक जगप्रसिद्ध झाला. राष्ट्रीय महामार्ग ५३वर ७५ किलोमीटर डांबराचा थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकला गेला आणि गिनेस बुकात त्याची नोंद झाली. ज्यांनी त्याआधी अनेक वर्षं मूर्तिजापूरमार्गे या रस्त्यावर पाठीचे मणके मोजलेत, त्यांना विक्रमाचं कौतुक कमी आणि सुटकेचा निःश्वास जास्त होता. मी त्यांपैकी एक. घर अकोल्यात, इंजिनीअरिंग अमरावतीत. चार वर्षं शनिवार-रविवारी एसटीनं ये-जा केली आहे.

हा विक्रम आठवायचं कारण वेगळं आहे. माझ्या गाडीच्या रस्ता कराचा परतावा महाराष्ट्राकडून येणं बाकी आहे. अर्ज केला त्याला हा चौदावा महिना. पाच दिवसांत ७५ किलोमीटर रस्ता टाकू शकणारी व्यवस्था त्याच रस्त्याचा न वापरलेला कर चौदा महिन्यांत परत करू शकत नाही, हे मला आधी विनोदी वाटलं, मग चीड आणणारं, आणि आता वाटतं की यात कुणाचाही वैयक्तिक आळस नाही. व्यवस्था अशीच बनवलेली आहे. म्हणून हा लेख. माझी गाडी महाराष्ट्रात कुठल्या शहरात नोंदलेली होती ते मुद्दाम सांगत नाही, कारण भांडण त्या कार्यालयाशी नाही. तिथल्या बाईंनी मला बसायला खुर्ची दिली होती आणि 'तुमचं खरं आहे, पण' असं म्हणाल्या होत्या. भांडण त्या 'पण'शी आहे.

हिशेब

२०२१च्या मार्चमध्ये मी गाडी घेतली. पहिली नोकरी, कर्ज, साडेनऊ लाखांची पेट्रोल गाडी. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर ११ टक्के एकरकमी कर आहे, म्हणजे १,०४,५०० रुपये. हा कर गाडीच्या पूर्ण नोंदणीकाळाचा, म्हणजे पंधरा वर्षांचा, पहिल्याच दिवशी घेतला जातो. शोरूममधला मुलगा 'ऑन रोड' म्हणून एकच आकडा सांगतो, त्यामुळे आपण नेमका कशाचा किती कर भरला हे बहुतेकांना कळतही नाही. मलाही तेव्हा कळलं नव्हतं.

२०२३च्या जूनमध्ये कंपनीनं बंगळुरूला पाठवलं. गाडी सोबत नेली. मोटार वाहन कायदा, १९८८ याचं कलम ४६ म्हणतं की भारतात कुठेही नोंदलेली गाडी देशात सगळीकडे वैध आहे. छान. पुढचंच कलम ४७ म्हणतं की गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर तिथला नवा नंबर घ्या. नवा नंबर म्हणजे नवा कर. कर्नाटकाचा कर देशातल्या सर्वांत चढ्या करांपैकी आहे. पाच ते दहा लाखांच्या गाडीला १४ टक्के, वर उपकर. गाडीच्या वयामुळे सवलत मिळाली, तरी बिल एक लाख वीस हजारांच्या घरात गेलं. म्हणजे साडेनऊ लाखांच्या गाडीवर साडेतीन वर्षांच्या आत सव्वादोन लाखांच्या आसपास रस्ता कर, गाडीच्या किमतीचा जवळपास चौथा हिस्सा. आणि मी तर एका वेळी एकाच रस्त्यावर गाडी चालवत होतो.

त्रैराशिक अगदी सोपं आहे. १,०४,५०० भागिले १८० महिने, म्हणजे महिन्याला ५८१ रुपये. नवी नोंदणी होईपर्यंत गाडी महाराष्ट्राच्या नावावर चाळीस महिने होती. त्याचे झाले साधारण २३ हजार. उरलेल्या सुमारे ८१ हजारांसाठी महाराष्ट्रानं मला एक मीटरही रस्ता द्यायचा नाही. कायद्यात परताव्याची तरतूद आहे, पण परतावा असा सरळ भागाकारानं मिळत नाही, वयानुसार घटत्या कोष्टकानं मिळतो. तोही आपोआप नाही. आधी जुन्या कार्यालयाची ना हरकत, त्यासाठी बँकेची ना हरकत, मग नव्या राज्यात कर, मग नवं नोंदणी पुस्तक, मग त्याची प्रत घेऊन जुन्या कार्यालयात अर्ज. क्रम नीट बघा. नवं राज्य पैसे आधी घेतं, जुनं राज्य नंतर देतं. दोन्हींच्या मधल्या काळात दोन राज्यांचं भांडवल माझ्या खिशातून चालतं. या बिनव्याजी कर्जाला आपण कर म्हणतो.

वरूडचा दादा

इथे कुणी म्हणेल, आयटीतल्या पोराचं रडगाणं आहे. कापूस-सोयाबीनचे भाव पडलेल्या जिल्ह्यात बसून गाडीच्या कराबद्दल लिहायला लाज वाटली पाहिजे. आक्षेप रास्त आहे, म्हणून माझी गाडी जरा बाजूला उभी करतो आणि मावसभावाची काढतो.

दादा वरूडचा. संत्र्याचा व्यापार. वरूड-मोर्शीचा संत्रा आणि मध्य प्रदेशातला पांढुर्णा-मुलताईचा संत्रा हा एकाच पट्ट्याचा माल आहे. माती तीच, आंबिया आणि मृग हे बहारही तेच, आणि पांढुर्ण्याच्या बाजारात भाषाही बरीचशी आपलीच. मधे फक्त राज्याची सीमा आहे. दादाचा हंगामातला निम्मा मुक्काम पलीकडे. दोन वर्षांपूर्वी त्यानं तिकडच्याच एका व्यापाऱ्याची जुनी गाडी तीन लाख वीस हजारांना घेतली. आमच्याकडे तशी गाडी पावणेचारच्या खाली नव्हती. सौदा चांगला झाला असं घरात सगळ्यांना वाटलं. मावशीनं गाडीला हार घातला.

मग एजंट म्हणाला, नंबर बदलायचा तर महाराष्ट्राचा कर लागेल. गाडीच्या वयाप्रमाणे घट धरून, पण गाडी नवी असतानाच्या किमतीवर. ना हरकत आणायला पलीकडे तीन चकरा. एजंटाचे वेगळे. सगळं मिळून सौद्यात वाचलेले पन्नास-पंचावन्न हजार गेलेच, वर आणखी घालावे लागणार होते. दादानं हिशेब केला आणि वऱ्हाडातला सनातन निर्णय घेतला : "राहू दे बाप्पा, पाहू नंतर." गाडी आजही मध्य प्रदेशाच्या नंबरावर आणि त्या व्यापाऱ्याच्या नावावर वरूडात फिरते.

ही बेकायदेशीर गोष्ट आहे आणि मी तिचं समर्थन करत नाही. उलट, मला तिचीच भीती वाटते. सर्वोच्च न्यायालयानं २०१८मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट सांगितलं आहे की नोंदणी ज्याच्या नावावर, कायद्याच्या दृष्टीनं मालक तोच, मग गाडी किती हातांतून पुढे विकली गेलेली असो. उद्या दादाच्या हातून अपघात झाला तर भरपाईची नोटीस त्या व्यापाऱ्याला जाईल. गाडी चोरीला गेली तर विम्यासाठी दादा कुठल्या नावानं भांडणार? म्हणजे दोन कुटुंबं एका न झालेल्या नोंदणीखाली झोपतात. आणि शासनाचं काय झालं? त्याला करही मिळाला नाही आणि गाडी नेमकी कुणाकडे आहे याची खरी नोंदही. भिंत इतकी उंच बांधली की लोक दारातून यायचेच थांबले.

अकोल्यात माझ्या मामांनी हाच खेळ दिल्लीच्या गाडीवर केला. दिल्लीत जुन्या गाड्यांवर वयाचं बंधन आलं. २०१८च्या ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानं दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांना राजधानी परिसरात मनाई कायम केली. त्यानंतर सात-आठ वर्षांच्या गाड्या तिथून स्वस्तात निघू लागल्या आणि त्यांचा एक मोठा प्रवाह आपल्यासारख्या शहरांकडे वळला. मामांनी मात्र सगळे कागद केले, कर भरला, नंबर घेतला. "सरळ मार्गानं गेलो म्हणून दीड महिना गाडी झाकून ठेवा लागली," असं ते अजून ऐकवतात. सरळ मार्गानं जाणाऱ्याला झाकून ठेवायला लावणारा आणि 'पाहू नंतर' म्हणणाऱ्याला मोकळं फिरू देणारा कायदा लोकांना नेमकं काय शिकवतो?

आणि हे फक्त चारचाकीचं नाही. महाराष्ट्रात दुचाकीवरही इंजिनाच्या आकारमानानुसार १० ते १२ टक्के कर आहे. अकोला, वाशीम, यवतमाळची शेकडो पोरं पहिली नोकरी लागली की मोटारसायकल रेल्वेच्या पार्सलमधून हैदराबाद-बंगळुरूला पाठवतात. बारा महिन्यांचा नियम त्यांनाही तोच. अठरा हजार पगारातून दुसरा कर भरणाऱ्या पोराचं रडगाणं तरी ऐकायला हरकत नसावी.

एक देश, एक कर, आणि बाजूला एक भिंत

१ जुलै २०१७ला जीएसटी आला. जकात त्याआधीच बहुतेक शहरांतून गेली होती, तिच्या जागी आलेला एलबीटी आला तसा गेला. अकोल्यात 'जकात नाका' आता फक्त रिक्षावाल्याला सांगायचा पत्ता आहे. जीएसटीनं राज्याराज्यांमधले प्रवेशकर आणि विक्रीकर गिळले. आज कुठल्याही राज्यात गाडी घ्या, जीएसटीचा दर सारखाच. २२ सप्टेंबर २०२५पासून लहान गाड्यांना १८ टक्के, मोठ्यांना ४०. त्यामुळे 'शेजारच्या राज्यात विक्रीकर कमी आहे, तिकडून गाडी आणू' हा आपल्या वडिलांच्या पिढीचा हिशेब संपला.

पण वाहनांवरचा कर जीएसटीत गेलाच नाही. तो राज्यांकडे राहिला आणि त्याच वर्षी महाराष्ट्रानं काय केलं? एकरकमी वाहन कर दोन टक्क्यांनी वाढवला. पेट्रोल गाड्यांचा ९-१०-११ टक्क्यांचा ११-१२-१३ झाला, डिझेलचा ११-१२-१३चा १३-१४-१५. जीएसटीमुळे बुडणारं उत्पन्न भरून काढायचं, हे कारण उघड होतं. एक भिंत पाडली, तिच्या विटा शेजारच्या भिंतीवर रचल्या. त्यातही महाग गाडीवाल्यांसाठी कमाल मर्यादा ठेवली, वीस लाख रुपये, जी २०२५मध्ये तीस लाख झाली. कोट्यवधींच्या गाडीला कराची कमाल मर्यादा आहे, दादाच्या सव्वातीन लाखांच्या गाडीला किमान दयाही नाही.

माझ्यासारख्या प्रोग्रॅमरला खरी गंमत वाटते ती पुढच्या गोष्टीची. १ ऑक्टोबर २०२३पासून आयजीएसटी कायद्यात एक पोटकलम आलं. नोंदणी नसलेल्या ग्राहकाला, म्हणजे तुम्हा-आम्हाला, माल विकला तर पुरवठ्याचं ठिकाण हे बिलावर लिहिलेल्या ग्राहकाच्या पत्त्यावरून ठरतं. साध्या भाषेत, वरूडच्या माणसानं बैतूलच्या दुकानातून वस्तू घेतली आणि बिलावर वरूडचा पत्ता लिहिला, तर राज्याच्या वाट्याचा कर महाराष्ट्राकडे वळतो. कुणी ना हरकत मागत नाही. कुणी चार प्रतींत अर्ज करत नाही. बिलावरचा एक पत्ता वाचून दोन राज्यं आणि केंद्र आपापसांत हिशेब करतात. म्हणजे एका राज्यात घेतलेला कर दुसऱ्या राज्याला पोचवणारी यंत्रणा या देशात आहे. रोज चालते. कोट्यवधी बिलांवर चालते.

आणि गाड्यांची नोंद कुठे असते? 'वाहन' या राष्ट्रीय माहिती विज्ञान केंद्रानं बनवलेल्या प्रणालीत. माझा महाराष्ट्राचा नंबर आणि कर्नाटकाचा नंबर या दोन देशांतल्या दोन वह्या नाहीत, एकाच व्यवस्थेतल्या नोंदी आहेत. तरीही कर्नाटकात कर भरल्याचा पुरावा मी रंगीत झेरॉक्स काढून महाराष्ट्रात स्वतः नेऊन दिला. शासनाच्या एका हातातलं शासनाच्या दुसऱ्या हाताला देण्यासाठी मी बंगळुरू-अकोला रेल्वेचं तिकीट काढलं.

आणखी एक नमुना. कलम ४८ सांगतं की ना हरकतीचा अर्ज तीस दिवसांत नाकारला नाही तर ना हरकत मिळाली असं समजावं. कायदा करणाऱ्यांना नागरिकाची कटकट कळली होती. पण 'समजावं' हा शब्द खिडकीवर चालत नाही. तिथे कागद लागतो. एकतिसाव्या दिवशी आपोआप प्रमाणपत्र तयार करून देणं हे आमच्या धंद्यात नव्या मुलाला पहिल्या आठवड्यात देतात तेवढं काम आहे. ते झालेलं नाही, कारण ते करण्यात कुणाचाच फायदा नाही, तुमचा-माझा सोडून.

राज्यांची बाजू

राज्यांच्या बाजूनंही बोललं पाहिजे. जीएसटीनंतर राज्यांच्या हातात स्वतःचे असे मोजकेच कर उरले : मुद्रांक शुल्क, दारूवरचं उत्पादन शुल्क, पेट्रोल-डिझेलवरचा व्हॅट, आणि हा वाहन कर. राज्यघटनेच्या राज्यसूचीतली ५७वी नोंद तो अधिकार राज्यांना देते. कर कमी असलेल्या ठिकाणी खोट्या पत्त्यावर गाडी नोंदवायची आणि चालवायची भलतीकडे, ही पळवाटही खरी आहे. पुद्दुचेरीत नोंदलेल्या आलिशान गाड्यांचं प्रकरण २०१७मध्ये केरळात गाजलं होतं, त्यात सिनेमातली नामवंत मंडळी होती. राज्यानं अशांना पकडू नये असं कोण म्हणेल?

पण पळवाट बुजवायच्या नावाखाली रस्ताच खोदला तर? कर्नाटकानं २०१४मध्ये नियम केला की परराज्यातली गाडी तीस दिवसांपेक्षा जास्त राहिली तर आजीवन कर भरा. बारा महिन्यांचा केंद्रीय कायदा असताना तीस दिवस! तिथल्या उच्च न्यायालयानं २०१६मध्ये तो रद्द ठरवला. एखाद्या राज्याला महिनाभरात पंधरा वर्षांचा कर मागावासा वाटतो, याचं कारण कर 'आजीवन' आणि 'एकरकमी' आहे. एकदाच मिळणार म्हटल्यावर प्रत्येक राज्य ओढाताण करणार. महिन्याचा हिशेब असता तर ओढायला काही उरलंच नसतं.

आणि त्या ५७व्या नोंदीचं शेपूट कुणी वाचत नाही. तिथे म्हटलं आहे की हा अधिकार समवर्ती सूचीतल्या ३५व्या नोंदीच्या अधीन आहे. ३५वी नोंद यांत्रिक वाहनांविषयी आहे आणि त्यात 'अशा वाहनांवर कर कोणत्या तत्त्वांवर आकारावा' हा विषय स्पष्ट लिहिलेला आहे. म्हणजे दर राज्यांनी ठरवावेत, पण तत्त्वं संसदेला ठरवता येतात. घटनाकारांनी दार ठेवलं आहे. दिल्लीनं ते या कामासाठी उघडलेलं नाही.

२९ ऑगस्ट २०२५ला सर्वोच्च न्यायालयानं आंध्र प्रदेशातल्या एका प्रकरणात निकाल दिला. विशाखापट्टणमच्या पोलाद कारखान्याच्या बंदिस्त आवारातच चालणाऱ्या गाड्यांवर राज्य वाहन कर मागत होतं. न्यायालयानं म्हटलं की हा कर भरपाईच्या स्वरूपाचा आहे, सार्वजनिक रस्ते वापरता म्हणून तो द्यायचा. जी गाडी सार्वजनिक जागी चालतच नाही, तिच्यावर तो लागत नाही. तो निकाल आंध्रच्या कायद्याच्या कलमावर आहे आणि माझं प्रकरण वेगळं आहे, हे मला कळतं. पण तर्क तर तोच आहे ना? कर रस्त्याच्या वापराचा असेल, तर २०२४च्या जुलैनंतर महाराष्ट्राचा रस्ता न वापरणाऱ्या गाडीचा कर महाराष्ट्राकडे कशाबद्दल आहे?

फॉर्म ६०

आता मुद्द्याची गोष्ट. या सगळ्यावर उपाय निघालेला आहे. त्याचं नाव भारत मालिका, म्हणजे बीएच नंबर. केंद्रानं २६ ऑगस्ट २०२१ला अधिसूचना काढली, १५ सप्टेंबरपासून ती लागू झाली. माझी गाडी येऊन सहा महिने झाले होते. बीएच नंबरच्या गाडीला राज्य बदललं तरी नवा नंबर लागत नाही. कर दोन-दोन वर्षांच्या हप्त्यांनी भरायचा, जिथे राहता तिथे. दर किमतीनुसार ८, १० आणि १२ टक्के, डिझेलला दोन जास्त, विजेच्या गाडीला दोन कमी, आणि तोही जीएसटी वगळून उरलेल्या किमतीवर. चौदा वर्षांनंतर दरवर्षी निम्म्या रकमेनं. मी वर जे जे मागितलं ते सगळं यात आहे. वापराप्रमाणे कर, राज्याबरोबर हलणारा कर.

मग कुणाला मिळतो? सैन्यातले लोक, केंद्र आणि राज्य सरकारचे कर्मचारी, सार्वजनिक उपक्रमांचे कर्मचारी, आणि ज्यांची कार्यालयं चार किंवा अधिक राज्यांत आहेत अशा खासगी कंपन्यांचे नोकरदार. खासगी नोकरदारानं कंपनीच्या सहीचा फॉर्म ६० द्यायचा. डिसेंबर २०२२पासून जुन्या नोंदणीच्या गाडीलाही बीएच घेता येतो, पात्रता असेल तर.

माझी पहिली कंपनी छोटी होती. दोनच राज्यांत कार्यालयं. त्यामुळे २०२४मध्ये मला बीएच मिळू शकला नाही आणि मी दुसरा कर भरला. नंतर मी मोठ्या कंपनीत गेलो. आता घरून काम करायची परवानगी मिळाली आहे, आई-बाबांची तब्येत बघायला अकोल्यात परत आलो आहे. गाडीही परत आली आहे, कर्नाटकाचा नंबर घेऊन. जुन्या नियमानं बारा महिन्यांनी पुन्हा महाराष्ट्राचा कर, पुन्हा ना हरकत, पुन्हा परताव्याचा अर्ज, या वेळी उलट दिशेनं. पण मला आता ते करायचं नाही. एचआरनं फॉर्म ६० सही-शिक्क्यासह मेलवर पाठवला. एका दिवसात.

दिवाळीत वरूडला गेलो तेव्हा दादाला हे सांगितलं. खरं तर थोडा मिरवतच होतो. तो संत्र्याच्या पेट्यांवर बसून ऐकत होता. म्हणाला, "तुही कंपनी चार राज्यात हाय म्हून तुले सोय. माहा संत्रा धा राज्यात जाते. मंग मले काऊन नाही?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरंच नव्हतं. राज्य बदलणाऱ्या माणसांची अडचण सोडवायची म्हणून योजना काढली आणि ती अडचण फक्त पगारदारांनाच असते असं गृहीत धरलं. व्यापारी, शेतकरी, छोट्या दुकानातला कामगार, फॅब्रिकेशनवाला, स्वतःचा दवाखाना असलेला डॉक्टर, लेकीकडे राहायला गेलेले निवृत्त शिक्षक, यांच्या गाड्या राज्याबाहेर जात नाहीत का? लष्करातल्या जवानाला ही सवलत आधी मिळावी हे मी समजू शकतो, त्याची बदली त्याच्या हातात नसते. पण मी? माझ्या कंपनीचं चेन्नईत ऑफिस आहे म्हणून माझा कर महिन्यांनुसार मोजायचा आणि दादाचं कुठेच ऑफिस नाही म्हणून त्याच्याकडून पंधरा वर्षांचा आगाऊ घ्यायचा, याला कुठलं तत्त्व म्हणतात? बीएच मालिकेनं एकच गोष्ट निर्विवाद सिद्ध केली : हे करता येतं. आणि करता येत असताना ते काहींनाच देणं ही अडचण नाही, तो निर्णय आहे.

माझी मागणी म्हणून मोठी नाही. बीएच मालिका सर्वांसाठी खुली करा, फॉर्म ६०ची अट काढा. ते राज्यांना जड जात असेल तर संसदेनं ३५व्या नोंदीखाली एवढं एकच तत्त्व घालावं की वाहन कर महिन्यांवर मोजला जाईल, आणि गाडी हलली की उरलेले महिने तिच्याबरोबर हलतील. दर राज्यांचेच राहू देत. दोन राज्यांचा हिशेब दोन राज्यांनी करावा, जीएसटीत करतात तसा. आणि नव्या राज्यात नोंदणी झाली की जुन्या राज्याचा परतावा त्याच नोंदीवरून निघावा, अर्जाशिवाय, उशीर झाला तर व्याजासह. कर भरायला उशीर झाला तर आपण दंड भरतोच की.

आमच्या वऱ्हाडाचा इतिहास आठवतो अशा वेळी. १८५३मध्ये निजामानं वऱ्हाड इंग्रजांकडे सोपवलं, पण नावाला ते हैदराबादचंच राहिलं. १९०३मध्ये मध्य प्रांताला जोडलं. स्वातंत्र्यानंतर मध्य प्रदेश, १९५६मध्ये द्विभाषिक मुंबई राज्य, १ मे १९६०ला महाराष्ट्र. माझे पणजोबा अकोला जिल्ह्यातल्या आपल्या गावातून कधी हलले नाहीत आणि तरी एवढ्या राजवटींत राहिले. त्यांच्याकडे बैलगाडी होती म्हणून बरं. मोटार असती तर उभ्या जागी चार नंबर आणि चार कर झाले असते.

फॉर्म ६० टेबलावर आहे. भरणार आहे, खोटं कशाला बोलू. भरला नाही म्हणून दादाला काही मिळणार नाही. पण या वेळी वरूडला जाईन तेव्हा नव्या नंबरच्या गाडीचं कौतुक करायला कुणाला बोलावणार नाही. गाडी त्या दुसऱ्या गाडीच्या शेजारी उभी करीन, जी अजून कुणा तिसऱ्याच्याच नावावर आहे.